बाईंच्या खोडी

साहेब शाळा तपासायला आले आणि पालकांना विचारलं, "तुमची शाळा कशी आहे?" तर खरं सांगावं की नाही? तुम्ही म्हणाल, यात काय विचार करायचा! करायचा. आमच्या गावानं एकदा विचार न करता खरं सांगितलं आणि हाताशी असलेले चांगले सर घालवून बसलं. तेव्हापासून आमच्यात कुणी कशाचं फार कौतुक करायला लागलं की मी आधी दाराबाहेर डोकावून बघते, सरकारी जीप तर उभी नाही ना.

मी मूळची बेळगावची, खासबागेतली. माहेरी घरात मराठी, गल्लीत कन्नड, आणि भांडण जोरात आलं की हिंदी. लग्न होऊन निपाणीजवळच्या या खेड्यात आले तेव्हा तंबाखूच्या वासानं शिंकून शिंकून बेजार झाले. सासूबाईंना वाटलं, सून आजारीच पदरात पडली. पुढं गावानं माझ्यातले दोन गुण हेरले. एक, कन्नड फाडफाड येतं. दोन, तोंड मिटत नाही. तेवढ्यावर मला शाळेच्या समितीची अध्यक्ष करून टाकलं. शाळा मराठी, सरकार कर्नाटकाचं, वरून येणारे साहेब कन्नड, आणि मधे मी.

पण मी अध्यक्ष झाले ती काही गावाच्या भल्यासाठी नव्हे. माझी पोरगी त्या शाळेत होती, म्हणून.

पोरगी घरी नुसती पोपट. आप्पांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, मांडीवर बसून तिनं गुरांच्या बाजारातली सगळी बोली उचलली होती. पाहुणीच्या साडीपेक्षा तिच्या चालीवर बोलायची. पण शाळेच्या फाटकातून आत पाय टाकला की तोंडाला कुलूप. हजेरीला हात वर करायची, पाटीवर सगळं बरोबर लिहायची, पण शब्द म्हणून नाही. पहिली गेली, दुसरी गेली. निपाणीचे डॉक्टर म्हणाले, कानाला, जिभेला काही झालेलं नाही, वेळ द्या. वेळ द्या! ज्याची पोरगी त्यालाच कळतं. लग्नाकार्यात बायका तिच्या गालाला हात लावून विचारायच्या, "मुकी हाय काय गं ही?" असा संताप यायचा, की यांनाच तेवढं कुणीतरी मुकं करून सोडावं.

आणि मग बाई आल्या. बेळगावहून रोज यायच्या. भल्या सकाळी बस, मग निपाणी स्टँड, तिथून पुढं मिळेल ते वाहन. त्यांनी पोरीला "बोल, बोल" म्हणून कधी छळलं नाही. पहिले काही आठवडे तर बघितलंच नाही तिच्याकडं. नंतर तिला एक काम दिलं.

आमच्या शाळेत दुपारचं जेवण शिजवणारी मावशी कानानं जड आहे. स्वयंपाकघर वर्गाच्या खिडकीसमोर. बाई म्हणाल्या, रोज खिडकीतून मावशीला विचारायचं, आज जेवायला काय आहे, आणि वर्गाला सांगायचं. झालं! पोरगी खिडकीशी जाऊन पुटपुटली. मावशी कांदा चिरत राहिली. वर्ग ताटकळला. बाई फळ्यावर लिहीत राहिल्या, मागं वळून म्हणून बघितलं नाही. पहिल्या दिवशी काही झालं नाही, दुसऱ्या दिवशी नाही. पोरं कुरकुरायला लागली. आणि एके दिवशी पोरीनं असा काही आवाज काढला, की रस्त्यावरनं चाललेली म्हैस जागेवर थांबली.

"मावशीऽऽ! आज काय हाय?"

"काय?" मावशी म्हणाली. तिनं पहिल्या हाकेला ओ दिली असं तोवर कधी झालंच नव्हतं. पोरीनं पुन्हा ओरडून विचारलं. मावशी म्हणाली, "अन्न-सांबार!" पोरगी वळली आणि वर्गाला म्हणाली, "अन्न-सांबार." वर्गानं टाळ्या वाजवल्या. मला हे शेजारच्या पोरानं येऊन सांगितलं. मी गॅसवर दूध ठेवलं होतं, ते उतू गेलं, आणि मी तिथंच खाली बसून गळा काढून रडले. उगाच कशाला लपवू!

तेव्हापासून शाळेत ती बोलायला लागली. फक्त एक होतं. हळू बोलणं तिला तिथं जमायचंच नाही. एक तर गप्प, नाहीतर मावशीला हाक मारायचा आवाज. बे एके बे म्हणाली तरी वेशीपर्यंत ऐकू जायचं. आणि बाहेरचं माणूस दिसलं की मात्र कुलूप परत लागायचं. बाई म्हणायच्या, "तेही निघेल, आक्का. घाई करू नका." बाई होत्या तोवर मला कसली घाई नव्हती.

आता ते सरांचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाईंच्या आधी आमच्याकडं एक सर होते. फार चांगले. तपासणीला साहेब आले तेव्हा अख्ख्या गावानं सरांना डोक्यावर घेतलं. आमचे सर असे, आमचे सर तसे, देवमाणूस. साहेबांनी मान डोलावली, सगळं लिहून घेतलं. आणि थोड्याच दिवसांत सरांची बदली! निरोपाच्या दिवशी सरांच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, "काय करणार, वरून ऑर्डर आली. तुम्ही एवढं कौतुक केलंत, साहेबांच्या नजरेत भरलो." गावानं त्यांना फेटा बांधला, शाल दिली, आणि साहेबाला घरटी शिव्या दिल्या.

त्यामुळे यंदा फोन आला की साहेब तपासणीला येणार, पालकांची सभा बोलवा, त्यांचा अभिप्राय घ्यायचाय, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाई किती चांगल्या ते गावातल्या कुत्र्यामांजरालाही ठाऊक. एक जण जरी बोलला असता तर गेल्याच म्हणून समजा.

मी आप्पांपुढं जाऊन बसले. आप्पांची हयात गुरांच्या बाजारात गेलेली. त्यांनी तंबाखू मळत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यात अवघड काय हाय? गाय दावणीला राखायची हाय, आन पावणा टक लावून बघाय लागलाय. मग काय करतोय आपण? गुण सांगतोय व्हय?"

"न्हाय."

"खोड सांगायची. दूध चोरती म्हणायचं. लाथ घालती म्हणायचं. गिऱ्हाईक गुमान दुसऱ्या दाव्याला जातंय."

मला ते इतकं पटलं की मी त्याच पावली गिरणीत गेले. आमच्याकडं गाव गोळा करायचं तर पिठाच्या गिरणीसारखी जागा नाही. गिरणी चालू असल्यानं सगळं ओरडून सांगावं लागलं, आणि नेमकी माझी पोरगी पिठाच्या डब्यावर बसली होती, तिकडं माझं लक्षच गेलं नाही. एकेकाला एकेक खोड वाटून दिली. विड्या वळणाऱ्या शेजारणीला एक, ट्रॅक्टरवाल्याला एक. दुकानदार अण्णा तेवढे अडून बसले. ते जैन, व्रताचे पक्के. म्हणाले, "मी खोटं बोलणार न्हाय. खरी खोड सापडली तर सांगतो."

"शोधा मग," म्हटलं, "दोन दिवस हैत."

बाईंना मात्र ताकास तूर लागू दिली नाही. त्यांना कळलं असतं तर त्यांनी सगळ्यांना बसवून खरं बोलण्याचा धडा दिला असता.

तपासणीचा दिवस उजाडला. साहेब भलते मवाळ निघाले. आल्या आल्या बूट काढून वर्गात गेले. पोरांना वाचायला लावलं, पोरांनी वाचलं. गणितं घातली, सुटली. कन्नड कविता म्हणायला सांगितली, तीही धडाधड म्हटली. संडास बघितले, पाण्याची टाकी बघितली, मावशीच्या हातचं सांबार चाखून "छान, छान" म्हणाले. साहेब जसजसे खूश होत होते तसतशी मी गिरणीत वाटलेल्या खोडी मनात घोकत होते. बाई बिचाऱ्या इस्त्रीच्या साडीत, मागं मागं फिरत होत्या, चेहरा फुललेला. माझ्या पोरीला साहेबांनी नाव विचारलं. तिनं ओठ घट्ट मिटले आणि जमिनीकडं बघितलं. बाईंनी हळूच तिच्या पाठीवर हात ठेवला आणि साहेबांना पुढं नेलं.

मग पोरांना वर्गात बसवून व्हरांड्यात पालकांची सभा भरली. बाई दाराशी उभ्या. साहेब खुर्चीत बसले, म्हणाले, "हां, हेळ्री, सांगा. शाळा कशी आहे? भिऊ नका. मनात आहे ते बोला."

आप्पा उठले. धोतराचा सोगा सावरला.

"शाळा ब्येस हाय, सायेब. बाईंचंच तेवढं…"

"काय बाईंचं?"

"दिसाय गरीब हैत. पर चालीला संथ. आन उन्हाचं बसत्यात."

साहेबांना कळेना. "कोण बसतं?"

"बाई. नांगराला… म्हंजी कामाला जुपलं की मान टाकत्यात."

मी आप्पांचं धोतर मागनं ओढलं. ते बसले. मग शेजारीण उठली. तिला मी "बाई शिकवत नाहीत" एवढं सोपं वाक्य दिलं होतं, पण साहेबांपुढं तिची बोबडी वळली आणि तोंडाला येईल ते बोलली. "बाई मारत न्हाईत, सायेब! एकदा बी हात उगारला न्हाय. पोरं अजिबात भ्येत न्हाईत त्यांस्नी." साहेबांच्या भुवया वर गेल्या. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "रोज येत्यात. सुट्टी घेत न्हाईत. पोरांस्नी जरा मोकळं वाटत न्हाय." मी कपाळावर हात मारून घेतला. अण्णा हात जोडून उभे राहिले. त्यांना खरी खोड सापडली होती. "बाईंनी पोरांना पुड्यावरची तारीख वाचायला शिकवलीय. आता एक पोर जुनं बिस्किट घेत न्हाय. मला लई तरास हाय बघा."

साहेब हसायला लागले. बाईंकडं वळून चक्क कौतुकानं बघायला लागले! सगळा डाव उलटत होता. म्हटलं, आता मलाच काहीतरी केलं पाहिजे. मी उठले, आणि उठले ती सुटलेच.

"सायेब, ही भोळी माणसं हैत. मी अध्यक्ष, मी सांगते. बाई येळंवर येत न्हाईत. वर्गात फोन घेऊन बसत्यात. आज जे म्हणून दाखवलं ते सगळं पाठ करून घेतलंय. पोरांस्नी कायबी येत न्हाय!" आणि साहेबांना नीट पोचावं म्हणून तेच सगळं परत कन्नडमधून सांगितलं. माहेरच्या कन्नडमधून, म्हणजे जरा जास्तच जोरकस.

दाराशी बाई उभ्या होत्या, त्यांनी चौकटीला हात टेकला. त्यांच्या चेहऱ्याकडं मी बघितलं आणि लगेच दुसरीकडं बघितलं.

साहेबांचं हसू मावळलं. "असं आहे?" ते म्हणाले. "अध्यक्ष स्वतः सांगतायत म्हणजे गंभीर आहे. मग ह्या बाई इथं नकोत. मी आजच वर कळवतो. चौकशी लावतो."

अगं आई गं! हे कुणाच्याच ध्यानीमनी नव्हतं. आप्पांच्या बाजारात खोड सांगितली की गिऱ्हाईक निघून जायचं, जनावर दावणीला राहायचं. इथं गिऱ्हाईकच जनावर सोडून न्यायला निघालं! एकच गलका उडाला. "तसं न्हाय सायेब!" "बाई हैत तशा ऱ्हाऊ द्या!" शेजारीण रडायलाच लागली. आप्पा काठी आपटत ओरडले, "खोड हाय, पर आमाला इकायची न्हाय!"

"काय विकायचं नाही?" साहेब उभे राहिले. "तुम्हाला बाई हव्यात की नकोत?"

तेवढ्यात खिडकीतून आवाज आला. पत्रे हादरले असं म्हटलं तरी चालेल.

"आई खोटं बोलतीयाऽऽ!"

माझी पोरगी. खिडकीचे गज दोन्ही हातांनी धरून. साहेब दचकून मागं सरले, मग खिडकीपाशी गेले. म्हणाले, "काय म्हणालीस, बाळ?" मला वाटलं, संपलं. बाहेरचा माणूस, एवढा मोठा, एवढ्या जवळ. आता कुलूप लागणार.

नाही लागलं.

"बाई येळंवर येत्यात! वाहन मिळालं न्हाय तर हायवेवरनं चालत येत्यात! फोन पिशवीत असतोय! आईनं गिरणीत समद्यांस्नी शिकवलंय, बाईस्नी वाईट म्हणा, न्हायतर सायेब घेऊन जातील! आप्पा म्हणाले गाय राखाय खोड सांगायची असती! आन दुकानदार अण्णांस्नी आईनं दोन दिवस दिलतं खोड शोधाय!"

एकेक वाक्य मावशीच्या आवाजात. अख्ख्या गावापुढं माझी अब्रू चिंध्या होऊन उडत होती, शेजारीण पदरात तोंड लपवत होती, आणि मी? मी आपली मनात म्हणत होते, बोल, माझे बाई, बोल. आणखी काय काय आहे ते सांग. पाहिजे तर माझ्या माहेरचंही काढ, पण थांबू नकोस.

तिचं सांगून झालं तेव्हा साहेब खुर्चीत बसले, चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले. खांदे हलत होते. मग मला विचारलं, "पण मी बाईंना घेऊन जाईन हे तुमच्या डोक्यात आलं कुठून?"

मी सरांचं सगळं सांगितलं. कौतुक, ऑर्डर, नजरेत भरणं.

"त्यांना आम्ही नेलं?" साहेब म्हणाले. "अहो, त्यांचा बदलीचा अर्ज कधीपासून पडून होता. बायको-मुलं तिकडं होती. येऊन येऊन विचारायचे, माझं कधी होतंय."

आप्पा म्हणाले, "मंग फेटा बांधला तो?" मला त्या क्षणी सरांचा राग यायला हवा होता, पण आठवला तो त्यांचा फेट्याखालचा चेहरा. एवढं प्रेम करणाऱ्या माणसांच्या तोंडावर "मीच जातोय" कसं म्हणायचं, म्हणून बिचाऱ्यानं साहेबाच्या गळ्यात घातलं असणार.

आणि मग सगळ्यांच्या माना एकदम दाराकडं वळल्या. विचारलं अण्णांनी, कारण त्यांना खरंच पाहिजे असतं. "बाई, तुमचा बी अर्ज हाय काय?"

बाई म्हणाल्या, "आहे." आणि वर्गात निघून गेल्या.

साहेब चांगला शेरा देऊन गेले. माझं काय झालं ते ऐका. पोरीनं माझ्याशी अबोला धरला. आयुष्यभर शाळेत गप्प आणि घरी पोपट असलेली माझी पोर आता शाळेत ओरडायची आणि घरी तोंड उघडायची नाही! "आप्पा, आईला सांगा, मला भाकरी पायजे." मी समोर बसलेली, आणि निरोप आप्पांकडनं. आप्पाही मेले गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, "सूनबाई, तिला भाकरी पायजे म्हणं."

"तिला विचारा, बोलणार हाय का न्हाय?"

आप्पांनी विचारून सांगितलं, "बोलंल म्हणती. पर आधी तू शाळेत जाऊन खरं सांगायचं. खिडकीपशी. मावशीला ऐकू गेलं पायजे, म्हणती."

गेले. काय करते! भर शाळेच्या वेळेत, खिडकीपाशी उभी राहिले. आत बाई शिकवत होत्या, समोर मावशी तांदूळ निवडत होती. मला गावात सगळे तोंडाळ म्हणतात, पण त्या दिवशी घशातून आवाज निघेना. पोरीला शाळेत कसं होत असेल ते तेव्हा पहिल्यांदा मला कळलं.

"मावशी, आमच्या बाई चांगल्या हैत," मी म्हटलं.

मावशी तांदूळ निवडत राहिली. आत पोरं खुसखुसायला लागली.

"मावशी! आमच्या बाई लई चांगल्या हैत!"

"काय?"

मी पदर खोचला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "आमच्या बाई लई चांगल्या हैत! मी खोटं बोलले! समदं खोटं बोलले!"

मावशीनं सूप खाली ठेवलं. "ते मला म्हाईत हाय," ती म्हणाली. "गावाला म्हाईत हाय. वरडतीस कशाला?"

वर्गात हसण्याचा कल्लोळ झाला. त्यात माझ्या पोरीचं हसू होतं, सगळ्यांत मोठं.

बाई बाहेर आल्या. मी म्हटलं, "बाई, माझं चुकलं."

"राग आला नाही असं म्हणणार नाही," बाई म्हणाल्या. "बसमध्ये रडत बसले होते त्या दिवशी. कंडक्टरनं पाणी आणून दिलं."

आता शहाण्या बाईनं इथं गप्प बसावं की नाही? पण मी म्हटलं, "मग अर्ज मागं घ्या की. आमच्यासाठी."

बाई खिडकीतून आत बघत राहिल्या. "आक्का, माझी पण एक आहे घरी. तुमच्या पोरीएवढीच. तिच्या शाळेत पालकांची सभा असते, तिला तिची आजी जाते. मी अजून एकदाही गेलेले नाही. उद्या कुणी तिला विचारलं, तुझी आई कशी आहे, तर तीही तुमच्या पोरीसारखी खरंच सांगेल. म्हणेल, आई नसतेच."

"कुठं राहता बेळगावात?" मी विचारलं. एवढ्या दिवसांत कधी विचारलंच नव्हतं.

"खासबागेत."

खासबाग! त्या गल्ल्या मला पाठ आहेत. शाळा सुटून आम्ही पोरी घरी यायचो तेव्हा माझी आई दारात बसलेली असायची. मी दप्तर तिच्या अंगावर टाकायची आणि ती ओरडायची. रोज ओरडायची, आणि रोज दारात असायची. ती तिथं नसती तर, हा विचार मी जन्मात केला नव्हता. बाईंची पोर त्याच गल्लीत दप्तर घेऊन येत असणार, आणि बाई त्या वेळी इथं माझ्या पोरीला ओरडायला शिकवत होत्या.

"जावा, बाई," मी म्हटलं. माझ्याच तोंडातून आलं, आणि माझाच मला भयंकर राग आला. "परीक्षा होऊ द्यात, आणि जावा."

उन्हाळ्याआधी ऑर्डर आली. निरोपाला बाई उभ्या राहिल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "मला कुणी नेत नाही. मी स्वतः मागून जातेय. माझ्या मुलीसाठी." लोकांना ते आवडलं. साहेबाला शिव्या न देता झालेला तो आमच्या गावातला पहिला निरोप. आप्पांनी शाल घातली आणि कानात सांगितलं, "ही चांगल्यातली हाय. सरांची हलकी हुती."

पोरगी त्या दिवशी शाळेत एक अक्षर बोलली नाही. बाईंनी जवळ घेतलं तरी नाही. घरी बोलायची, सुट्टीभर बोलली, पण शाळेचं नाव काढलं की विषय बदलायची. जेवढं मिळवलं तेवढं बाईंबरोबर बेळगावच्या बसमध्ये बसून गेलं की काय!

जूनमध्ये शाळा उघडली. नवे सर आले, खानापूरकडचे, मिशी जेमतेम फुटलेली. पोरगी फाटकातून आत गेली, ओठ मिटलेले. मी घरी जायला हवं होतं, पण तांदळाची पोती बघायची म्हणून तिथंच राहिले. अध्यक्षाला पोती बघावी लागतात. एका पोत्याकडं किती वेळ बघणार? मावशी चुलीपाशी होती, पण तीही काही करत नव्हती. कांदा तसाच पडला होता. विळी बाजूला सारून ती खिडकीकडं डोळे लावून उभी होती. नव्या सरांना खिडकीचं काही माहीत नव्हतं, त्यांना कोण सांगणार? आत पाढे चालले होते. त्यात माझ्या पोरीचा आवाज नव्हता, मी नीट कान देऊन ऐकत होते.

मग पाढे थांबले. गजांवर दोन हात आले, मग तोंड दिसलं. तिनं मावशीकडं बघितलं. ओठ हलले, पण आवाज नाही. परत हलले.

"मावशीऽऽ! आज काय हाय?"

"चित्रान्न हाय, माझे बाय!" मावशी म्हणाली. पहिल्याच हाकेला.